खंडेनवमीला घासलेली बंदूक

१९९९ च्या खंडेनवमीला सकाळी साडेआठ वाजता बाळासो पोवार अंघोळ करून बाहेर आले, तेव्हा सामानगडची बंदूक पाटावर चकाकत होती.

मंगळवार पेठेतल्या त्या घरात दरवर्षी हत्यारं पूजेला मांडत. विळी, कोयता, मोटार वायंडिंगच्या दुकानातले पाने-पक्कड आणि बाळासोंनी हौसेनं जमवलेल्या ठासणीच्या बंदुका. सगळं चिंच आणि राखेनं घासून. यंदा एक बंदूक तेवढी वगळायची होती. तिच्या लाकडी दस्त्यावर तेलकट काजळीखाली कोरलेली अक्षरं अंधुक दिसत होती. ‘सामा’, पुढं आणखी काहीतरी. पुण्याचे अभ्यासक सबनीस दसरा झाल्यावर येऊन ती वाचणार होते. बंदूक सामानगडावर इंग्रजांविरुद्ध झालेल्या १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडातली ठरली, तर गडहिंग्लजच्या प्रदर्शनात तिला जागा होती. तोवर फडकंही लावू नका, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. बाळासोंनी ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि घरात कुणाला काही सांगायचं राहिलं.

“ही कुणी घासली?”

“मी,” त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या. “पोत्यात हुती. तुमी इसरलासा वाटलं.”

“दस्त्यावरची अक्षरं कुठं गेली?”

“कसली अक्षरं? नुसता मळ हुता. शेजारच्या कृष्णाताकडनं काचपेपर मारून घेतला, वर वारनिस दिला. देवापुढं काय गंजकं ठेवायचं व्हय?”

बाळासोंनी दस्त्यावरून बोट फिरवलं. लाकूड नव्या पलंगासारखं पिवळं दिसत होतं.

संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर, बंदुकांवरून नेहमी चिडवणाऱ्या हंबीररावांनी विषय काढलाच. “काय बाळासो, ही कुठल्या लढाईतली म्हणायची? पानिपतातली का कारगिलची?”

“वारनिसाचा वास येतोय म्हणं,” कुणीतरी म्हणालं. “कारगिलचीच.”

हे टोमणे बाळासोंना जुने होते. बंदूक विकणारा प्रत्येकजण सोबत एक लढाई फुकट द्यायचा, पुरावा कुणीच देत नव्हता. हंबीररावांचं तोंड बंद करील अशी ही पहिलीच बंदूक होती.

सबनीस ठरल्याप्रमाणे आले. भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. नळी कंपनी सरकारच्या धाटणीची आहे, म्हणाले, पण तसल्या बंदुका पुढं बाजारात ढिगानं आल्या. “लाकडावर आता काही नाही. ती अक्षरं आधी कुणी पाहिली होती का, ते शोधा.”

बाळासो लगेच सामानगडाच्या पायथ्याला गेले. बंदूक त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या धोंडुबाईंच्या घरातूनच आणली होती.

“आमच्या सासऱ्याच्या आज्यानं शिपायाच्या हातातनं वडून घेतली म्हणत्यात, अण्णा,” म्हातारी म्हणाली.

“दस्त्यावरची अक्षरं ठावं हायत?”

“मला वाचाय कुठं येतंय. पर दर खंडेनवमीला मीच घासायची की. बोटाला कवा काय लागलं न्हाय.”

“मग कोरली कुणी?”

“आमच्यात तर न्हाय कोरली.” तिनं स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहिले. “आता ह्या घट्ट्यांस्नी काय कळतंय म्हणा.”

बाळासो एसटीनं घरी परतले. अक्षरं खरी असतील तर ती त्यांच्याच घरात पुसली गेली होती. नसतीलच, तर त्यांनी काजळीच्या रेघाच अक्षरं म्हणून वाचल्या होत्या. यातलं कुठलं खरं, हे आता ठरवता येत नव्हतं.

प्रदर्शन त्या बंदुकीवाचून पार पडलं. तेव्हापासून बाळासो तिला कुणाला हात लावू देत नाहीत. नळीवर पुन्हा तांबूस गंज चढला आहे, आणि दर खंडेनवमीला शालूबाई त्याच्याकडं बघून तोंड फिरवतात.

२००३ मध्ये सबनीसांचा फोन आला. कोरताना खाली दबलेलं लाकूड वरचा थर घासला तरी तिरप्या उजेडात कधीकधी दिसतं, फोटो काढून पाठवा. बाळासोंनी पाठवला. त्यात दस्त्यावर एक वळणदार रेघ दिसते. ती अक्षराची आहे की काचपेपरची, हे सबनीसांनी अजून कळवलेलं नाही.