कॉलरची तिसरी बाजू

कॉलरची दुमड झिजून आतलं पांढरं, ताठ बकरम डोकावत होतं, आणि काकूंना – सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची – त्या फाटक्या कडेविषयी जी माया दाटून आली, ती शर्टाच्या मालकासाठी नव्हती. तो समोर स्टुलावर बसला होता. अंगात बनियन, वर जाकीट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. दोन वर्षांपूर्वी समोरच्या काचेच्या दुकानात हाच मॅनेजर होता. परदेशी शर्ट इतके स्वस्त विकायचा की काकूंचं शिवणमशीन धूळ खात पडायचं, आणि वर दारात येऊन विचारायचा, झिजलेली कॉलर उलटून घेणारं गिऱ्हाईक अजून जिवंत आहे का हो? मग चलन गडगडलं. ते कसं, हे काकूंना आजही उमगलं नव्हतं. एवढंच कळलं की बाहेरचा माल बघता बघता दुप्पट महागला, समोरचं शटर खाली आलं आणि लोक कपाटातले जुने कपडे काढून त्यांच्या दाराशी आले. रेडिओवरची बाई जड आवाजात घसरण सांगायची आणि काकू मशीनवर वाकून मनातल्या मनात हात जोडायच्या – अजून थोडं घसर गं बाई, मशीनचा हप्ता तेवढा फिटू दे...

"अकराला मुलाखत आहे," तो म्हणाला. "गोदामात. पण नीटनेटकं दिसलेलं बरं."

"होईल की, साहेब." पूर्वी त्या टोमण्यानं साहेब म्हणायच्या. आता सोडलं असतं तर त्याला लागलं असतं.

"उलटली की नव्यासारखी होते ना? ही कधी उलटलेली नाही."

काकूंनी कॉलर उचलली, कैचीचं टोक आत घातलं आणि थांबल्या. खालची बाजूही झिजलेली. कॉलर आधीच उलटलेली होती – हातशिलाईनं. बारीक, एकसारखे, धास्तावलेले टाके. शिंप्याचे नव्हेत.

"घरी कोण असतं?"

"बायको. तिला शिवणातलं ओ की ठो येत नाही," तो हसला. "बटण लावताना बोट टोचून घेते."

काकूंनी ते टाके एकेक करून उसवले. शर्टाच्या मागचा, पँटमध्ये खोचला जाणारा भाग कापून त्यांनी नवी कॉलर बेतली आणि कापलेल्या जागी उशीच्या अभ्र्याचा तुकडा जोडला.

"फार वाकू नका, साहेब. मागून अभ्रा दिसेल."

"गोदामात वाकावंच लागतं, काकू."

"उद्यापासून वाका."

शर्ट घालून तो गेला. उसवलेली जुनी कॉलर हातातच राहिली. एका टोकाला टाक्याखाली तपकिरी ठिपका होता, धुऊनही न गेलेला. रेडिओवर पुन्हा घसरण... सवयीनं हात जोडले गेले आणि मध्येच अडले. आभार मानायचेच होते, या घसरणीवरच तर मशीन चालत होतं. पण अजून थोडं घसर, हे काही केल्या ओठांवर येईना. कुठल्याशा स्वयंपाकघरात, नवरा अंघोळीला गेलेला असताना, सुई धरून बसलेली ती न पाहिलेली बाई – काकू तिच्याकडेच बघत होत्या, आणि पायाखालचं मशीन चालू करायचं राहून गेलं होतं.