कुणाची, कुणाकडे

"फळा पुसू नकोस गं, आधी वाच. घाईत दिलेलं उदाहरण कधी खोटं नसतं."

असं म्हणणाऱ्या बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. सराव-पाठाच्या दिवसांत मागच्या बाकावर बसून, चष्मा कपाळावर चढवून त्या असं काहीबाही बोलत, आणि मुली वहीआड हसत. पंधरा वर्षांनी तो आवाज मास्तरणीच्या कानात पुन्हा उमटला, तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, डब्याला टेकवलेल्या फोनसमोर बसली होती. आणि फोनच्या पलीकडे, कितीतरी देश ओलांडून, एक गृहस्थ तिला आपली शाळा दाखवत फिरत होता.

घरात तिला सगळे मास्तरीणच म्हणत. अकरा वर्षं ती एकाच शाळेत परकी भाषा शिकवत होती आणि अकराही वर्षं हंगामी होती. सुटी लागली की निरोपाचं पत्र, सुटी सरली की नेमणुकीचं. या वर्षी दुसरं पत्र आलंच नाही. आलं ते या खाजगी भाषाशाळेचं: तीन वर्षांचा करार, पुढे कायम, राहायला खोली. 'कायम' या शब्दावर तिचं बोट कितीदा फिरलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. आज संध्याकाळपर्यंत सही करून पाठवायची होती.

पण मास्तरीण ताकही फुंकून पिणारी. तीन आठवडे तिने त्या शाळेची झडती घेतली. नोंदणीचा क्रमांक तपासला, कराराचं कलम न् कलम वाचलं, इमारतीचा फोटो नकाशाशी ताडून पाहिला.

"तुझ्या बापाशी लग्न ठरलं तेव्हा मी एवढी चौकशी केली नव्हती," शेंगा सोलता सोलता आई म्हणाली.

"म्हणून तर मी करतेय."

"कर बाई कर. पाय उंबऱ्यात अडखळला तर घरात पडतो, वाटेत अडखळला तर कुणाच्या दारात पडेल सांगता येत नाही."

शाळेत आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या शिक्षिकेशी बोलायचं आहे, असं मास्तरणीने कळवलं, तेव्हा संचालकाने लगेच एक ई-मेलचा पत्ता दिला. बाई निघाली आपल्याच भाषेतली. मग काय, पत्रांना पाय फुटले. रोज एक यायचं. 'खोलीत ऊन येतं. मुलं लाघवी आहेत. कपडे जाड आणा, बाकी काही नको. तुम्ही आलात की मला बोलायला माणूस मिळेल. या.' प्रत्येक पत्राचा शेवट या एका अक्षराने व्हायचा. मास्तरीण मनातल्या मनात तिला तिकडची ताई म्हणू लागली होती. सासरी दिलेल्या मुलीला माहेरची एखादी ओळखीची भेटावी, तसा त्या पत्रांचा आधार वाटे.

फोनवर शाळा दाखवत फिरणारा गृहस्थ म्हणजे हाच संचालक, मोठा उत्साही. पूर्वी त्याचा पडद्यांचा धंदा होता, हे त्यानेच अभिमानाने सांगितलं. आणि एकेक दार तो पडदा सरकवल्यासारखंच उघडत होता. हे वाचनालय, ही नवी बाकं, हे प्यायचं पाणी. मग तो एका रिकाम्या वर्गात शिरला.

"हा तुमचा वर्ग होणार. ऊन बघा किती!"

ऊन होतं. ते सरळ फळ्यावर पडलं होतं, आणि फळ्यावर सकाळचा धडा तसाच होता. धडा ओळखीचा, ती स्वतः शिकवत असलेल्या परक्या भाषेतला. वस्तू कुणाची, आणि वस्तू कुणाकडे. नवख्या विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात पाडणारा फरक. मास्तरणीने तो शंभरदा शिकवला असेल. वरती पुस्तकातली जोडी होती: छत्री माझी आहे. छत्री शेजारणीकडे आहे.

तिथे पुस्तक संपलं होतं. खाली घाईचं, उतरतं अक्षर सुरू झालं होतं.

पासपोर्ट माझा आहे. पासपोर्ट साहेबांकडे आहे.

कपाट शाळेचं आहे. किल्ली माझ्याकडे नाही.

आई माझी आहे. आई माझ्याकडे नाही.

मास्तरणीने ते वाचलं. मग वह्या तपासताना वाचतात तसं, शब्दाखाली बोट धरल्यासारखं, पुन्हा वाचलं. चूक एकही नव्हती.

"आमच्याकडे धडे असे जिवंत असतात!" संचालक फळ्यावर बोट वाजवत म्हणाला. बोट नेमकं 'कपाट' या शब्दावर पडलं होतं. बोलण्यापुरती येणारी ती भाषा त्याने आजवर विकली होती, वाचली नव्हती.

मास्तरणीचे हात टेबलाखाली गेले आणि एकमेकांना धरून बसले. आवाज मात्र अकरा वर्षांच्या सवयीने सरळ निघाला.

"हा धडा घेणाऱ्या बाईंशी बोलता येईल?"

"का नाही? त्याच तर तुम्हाला पत्रं लिहितात!"

तो दाराशी गेला, कुणाला तरी हाक मारली. हाकेत काही वावगं नव्हतं. पण जी आली, ती इतक्या झटकन आली, की ती दाराबाहेरच उभी असणार. पत्रांवरून वाटली होती त्याहून लहान, तिशीचीही नसेल. बोटांना खडू, आणि चेहऱ्यावर पत्रांतलंच हसू.

"बोला, तुमच्या भाषेत बोला," संचालक फोन तिच्या तोंडासमोर धरून म्हणाला. "मला कळत नाही, पण कानाला गोड वाटते."

"नमस्कार ताई," ती म्हणाली. "बघितलीत ना शाळा? सगळं छान आहे. या तुम्ही."

"फळ्यावरचं अक्षर तुमचं?"

"हो."

"पासपोर्ट कुणाचा आहे तो?"

तिने मान वळवून फळ्याकडे पाहिलं. आपणच लिहिलेलं ती पहिल्यांदाच वाचत होती, असं मास्तरणीला वाटलं. कारण वळलेली मान परत यायला फार वेळ लागला.

"ते उदाहरण आहे हो."

"उदाहरण म्हणजे काय, ते मला नका सांगू. मीही फळ्यापुढेच उभी राहते."

"काय विचारतायत?" संचालकाने विचारलं.

तिने हसतच त्याला कळेल अशा परक्या भाषेत उत्तर दिलं, "सामान किती किलो आणू म्हणतात."

"हवं तेवढं!" तो खूश होऊन म्हणाला. "हवं तेवढं आणा म्हणावं."

इकडे टेबलाशी बसलेल्या आईच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. परकी भाषा तिला येत नव्हती, पण आपली येत होती, आणि लेकीचा पांढराफटक पडलेला चेहरा तर बिनभाषेचाच वाचता येत होता.

"किती दिवस झाले?" मास्तरणीने विचारलं.

"पासपोर्ट नोंदणीसाठी म्हणून घेतात. आल्या दिवशीच."

"किती दिवस?"

"चार वर्षं होतील."

"आणि करार तीनचा."

"करार तीनचाच," ती म्हणाली. "करारात चूक नाही."

"बाई गं," आई पुटपुटली, आणि पदराने तोंड दाबून बसली.

मास्तरणीच्या डोळ्यांसमोरून ती सगळी पत्रं सरसर गेली. ऊन, मुलं, जाड कपडे. एकवीस दिवस, एकवीस वेळा 'या'. त्या गोड अक्षराला आत्ता कुठे तिला दात दिसत होते. कपाट आणि किल्लीपेक्षा तेच जिव्हारी लागलं.

"अहो, पण मला आपल्या भाषेत लिहीत होतात तुम्ही. त्याला एक अक्षर कळलं नसतं. एकदा, एका ओळीत लिहायचं होतं. मी तुम्हाला बहीण समजत होते."

तिचं हसू जागचं हललं नाही. ते त्या गृहस्थासाठी होतं. पण हसऱ्या ओठांच्या वर डोळे भरून आले, आणि पाणी खाली येऊ नये म्हणून तिने हनुवटी जरा वर केली.

"माझ्या जागी दुसरी आल्याशिवाय मला सोडत नाहीत, ताई. तुमची सही आली की त्याच दिवशी कपाट उघडणार आहेत. आईला मी तारीखही कळवून टाकलीय. रोज वाटायचं, लिहावं. मग वाटायचं, आधी मी सुटते, मग लिहीन."

संचालकाने घड्याळ पाहिलं. बाहेर कुठेतरी घंटा झाली, बाकं सरकली, मुलांचा गलका दाराकडे येऊ लागला.

"चला, वर्ग आहे त्यांचा," तो म्हणाला. "मग? संध्याकाळपर्यंत सही येईल ना?"

मास्तरीण तिकडच्या ताईकडेच पाहत होती.

"आणि मी नाही केली तर?"

तिकडच्या ताईने खडूचा हात पदरासारखा तोंडावरून फिरवला. हसू पुसलं गेलं, गालावर पांढरा पट्टा उरला.

"नका करू," ती म्हणाली.