डावीकडून तिसरा मोर

आईच्या पैठणीच्या पदरावर सात मोर आहेत. डावीकडून तिसऱ्याला डोळा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा तमाशा त्या डोळ्यावरून झाला आणि तो मी केला.

माझी आई हिरा चिंचणीला बोंबील सुकवते आणि विकते. बारा वर्षांपूर्वी गावातल्या बायकांबरोबर शिर्डीला गेली, तेव्हा येवल्याला उतरून बन्सी नावाच्या विणकराच्या घरात जाऊन बसली. दुकानात गेली नाही. दुकानदारांना आमच्या पैशाला मासळीचा वास येतो, असं तिचं म्हणणं. माझी बहीण तेजल तेव्हा सहावीत होती. तिच्या लग्नाची साडी आईने त्या दिवशी सांगितली. साडेचार महिन्यांनी आणायला गेली तर बन्सी म्हणाला, "मावशी, मधे मला मुलगी झाली. त्या धावपळीत एका मोराचा डोळा राहिला. उसवून परत विणतो, आठ दिवस द्या."

आई म्हणाली, "राहू दे. बघायला बाकीचे सहा हायत."

अठरा हजार दिले. तीन वर्षं सुकवलेले बोंबील होते ते. साडी पत्र्याच्या पेटीत गेली.

मी कुंभवलीच्या बाजूला, साड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. तिथल्या नाल्याचं पाणी बघून सांगता येतं आज कुठला रंग चाललाय. आमचा मालक चिराग शेठ. गेल्या वर्षी त्याने मला विचारलं, "वामन, घर में किसी के पास असली पैठणी है? दो दिन के लिए दे. तुझे मशीन पे लेता हूँ." मी तोवर पॅकिंगला होतो. आई मनोरला बाजाराला गेली त्या दिवशी मी पेटी उघडली. विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

डिझाइनवाल्या केतनने साडी स्कॅन केली. म्हणाला, "शेठ, या मोराला डोळा नाही. टाकू का?"

शेठ म्हणाला, "ओरिजिनल में नहीं है तो हम कौन होते हैं डालनेवाले?"

ओरिजिनलची त्याला एवढी इज्जत. धागा पॉलिस्टरचा, जर प्लास्टिकची, मोर मात्र जसाच्या तसा आंधळा. साडी दोन दिवसांनी पेटीत परत गेली. मला मशीन मिळालं. एका साडीला अडीच तास.

महिन्याभरात पालघरचे दुकानदार बोंबलायला लागले. मोर आंधळा आहे, गिऱ्हाईक माल परत करतंय. शेठने माल परत घेतला नाही. कार्ड छापलं. "एक मोर बिनडोळ्याचा, हीच अस्सल हातमागाची खूण." प्रत्येक पाकिटात एक. त्यानंतर सगळ्या मोरांना डोळे असलेली साडी बायका परत करायला लागल्या.

तेजलच्या लग्नाला आठ दिवस होते. नवऱ्यामुलाची आत्या, विजयाताई, चार बायका घेऊन पालघरहून साड्या बघायला आली. आईने पेटी उघडली. पदर पसरला. विजयाताईने मोर मोजले आणि हसली.

"अगो हिराबाय, ही तर साडेअकराशेची. माझ्याकडे दोन हायत. कार्डासकट."

"ही येवल्याची हाय. हाताची."

"माझ्या पण हाताच्याच. कार्डावर लिवलंय. तुमचं कार्ड कुठाय?"

आईकडे कार्ड नव्हतं. बन्सीने कार्ड दिलं नव्हतं, चहा दिला होता. तिने पदर उलटून दाखवला. मागची बाजू पुढच्यासारखीच, एक धागा सुटा नाही.

विजयाताईने बोट फिरवलं. "माझीला मागे किती जर लोंबते. टोचते नुसती. हिला काहीच नाय. जर कमी टाकली ओ, फसवलं तुमाला."

तेजल म्हणाली, "आई, मी ही नाय नेसणार. मांडवात सगळ्या हसतील."

आईने माझ्याकडे बघितलं. "वामन, तू कापडात हायस. तू सांग."

मी सांगितलं. पेटी, केतन, मशीन, सगळं. शेवटी म्हणालो, "आत्याबाई, तुमच्या दोन्ही साड्या माझ्या मशीनवरच्या असतील. कार्ड पण मीच घातलं असेल."

विजयाताई उठली. "आईची लाज राखायला पोरगा काय पण बोलेल." चहा अर्धा टाकून गेल्या.

खरं बोललं की माणूस सुटतो, असं सांगणाऱ्यांनी कधी खरं बोलून बघितलेलं नसतं.

आई साडीच्या घड्या घालत बसली. "तीन वर्षं," एवढंच म्हणाली. ते मला होतं.

तेजलने सुई आणि काळा धागा आणला. "मी डोळा काढते. मग वेगळी दिसेल."

"बन्सीने नाय काढला तो तू काढणार? ठेव ती सुई."

तेजल पदर हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करत होती. मग मला विचारलं, "तुझ्या मशीनवरची उलटी नेसता येते?"

"उलटी? मागून दोरेच दोरे. झाडू नेसल्यासारखी दिसेल."

"आई, मला उलटी नेसव."

आईने सुईचं पाकीट पेटीत टाकलं आणि पहिल्यांदा हसली, माझ्याकडे न बघता.

लग्नाला मांडवात त्या साड्या मी मोजल्या. नऊ. नऊच्या नऊ आंधळे मोर डावीकडून तिसरे. विजयाताईची त्यातच. तेजल आली. तिचा आंधळा मोर उजवीकडून तिसरा, सातही मोरांची तोंडं दुसरीकडे. विजयाताईने आपला पदर उलटून बघितला, कोपऱ्यात जाऊन, कुणी बघत नाही असं समजून. आई बघत होती. विजयाताई परत आली तेव्हा तिच्या ब्लाउजला जरीचा दोरा लटकत होता. आईने तो काढून तिच्या हातात ठेवला. "टोचत असेल," म्हणाली.

चिराग शेठही आला होता, अहेराचं पाकीट घेऊन. तेजलच्या मागे उभा राहून त्याने मोबाइल काढला आणि पदरावर धरला.

"ये उल्टा अच्छा लग रहा है. वामन, ये भी चलेगा मार्केट में."

मी मधे जाऊन उभा राहिलो.

"हट ना यार. एक फोटो."

"नाय."

"सोमवार को काम पे आना है ना?"

मी पदराला पाठ लावून तिथेच उभा राहिलो. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, लोक अक्षता टाकत होते, निम्म्या माझ्याच डोक्यावर पडल्या.