पाण्याच्या दिवशी गैरहजर

औरंगपुऱ्यातल्या त्या कॉलेजात कालिंदी मॅडम बावीस वर्षं एकच पेपर शिकवत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजीत आलेल्या विज्ञानकथा आणि त्यांतला समाज. शिकवायच्या मात्र जीव ओतून. "गिरण्यांच्या धुरात वाढलेली माणसं ही," त्या सांगायच्या, "म्हणून त्यांनी भविष्य रंगवलं तेसुद्धा दोन मजल्यांचं. वर ऊन, बागा, निवांत माणसं. खाली अंधार, यंत्रं आणि ती चालवणारे. यंत्रं नुसती निमित्ताला. खरी गोष्ट एवढीच, की वरच्यांना खालचे दिसेनासे होतात." इथं हमखास डोळे टिपून मॅडम हजेरीचं रजिस्टर उघडायच्या.

हजेरीला बाई फार कडक. ऐंशी जणांचा वर्ग, चेहरे लक्षात ठेवायला सवड कुणाला? नंबर पुकारायचा, आवाज आला की टिंब, नाही आला की फुली. त्रेचाळीस नंबरापुढं दर आठवड्याला एक तरी फुली पडायचीच.

मॅडम राहायच्या चिकलठाण्याला, सातव्या मजल्यावर, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीही त्याच होत्या. नळाला पाणी यायचं आठवड्यानं, तेही कधी सकाळी, कधी भर दुपारी. त्या दिवशी तळघरातली मोटार वेळेवर लागली नाही तर सातही मजले कोरडे. म्हणून पाण्याच्या दिवशी तासाला जाण्याआधी मॅडमचा वॉचमनच्या नंबरावर फोन ठरलेला.

"मोटार लावली का?"

"लावली मॅडम," पलीकडून एक मुलगी म्हणायची.

मॅडम निर्धास्त होऊन वर्गात जायच्या.

परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी एक काटकुळी मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. मेघा तिचं नाव.

"मॅडम, फॉर्मवर सही पाहिजे. त्रेचाळीस."

"हजेरी बघितलीस स्वतःची? चौसष्ट टक्के. पंचाहत्तर लागते."

"घरी काम राहतं मॅडम. टाळता येत नाय."

"कसलं काम?"

मेघा काही बोलणार होती, पण तिनं मॅडमकडं बघितलं आणि शब्द गिळला. "हे वर्ष गेलं तर घरचे पुढं शिकवणार नायत, मॅडम. मामा स्थळ घेऊन बसलाय. लई पाया पडते तुमच्या."

"दरवर्षी मी हेच ऐकते," मॅडम म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखा." आणि त्यांनी फॉर्म सही न करता परत दिला. पोरगी रडलीही नाही, फॉर्मची नीट घडी घालून निघून गेली.

चार दिवसांनी मॅडम घरी निबंध तपासत बसल्या होत्या. सगळ्यांनी एकाच गाइडातून उतरवलेलं, त्यामुळं काम झपाझप चाललं होतं. त्रेचाळीसचा निबंध मोडक्या इंग्रजीत होता, पण गाइडातला नव्हता. 'वरचे लोक वाईट नसतात,' तिनं लिहिलं होतं. 'त्यांना जिना उतरायचं काम पडत नाही, एवढंच. खालच्यांना वरचं सगळं माहीत असतं. आम्ही तळघरात राहतो. सातव्या मजल्यावरच्या बाई मोटार लागली का म्हणून फोन करतात. तेव्हा मला कळतं, आता वर्ग भरतोय.'

तो कागद हातात घेऊन मॅडम अनवाणीच लिफ्टमध्ये शिरल्या. इथं राहायला आल्यापासूनच्या तीन वर्षांत त्या तळघरात कधी उतरल्या नव्हत्या. गाडी वर, अंगणातच लागायची.

मोटारीला लागून पत्र्याची खोली होती. मेघा पीठ मळत होती. बाजेवर तिचा बाप अप्पाराव, सोसायटीचा वॉचमन, भिंतीला धरून उठायची खटपट करू लागला.

"मॅडम, गुडघे गेलेत माझे. वाकून व्हॉल फिरवता येत नाय," तो हात जोडून म्हणाला. "लेक करती सगळं. कमिटीला सांगू नका. दुसरा वॉचमन आणतेल, खोली जाईल आमची."

"अगं, मला सांगायचंस ना!" मॅडम मेघाला म्हणाल्या.

"कसं सांगू? सेक्रेटरी तुमीच की मॅडम."

मॅडम तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. बावीस वर्षं जे शिकवलं त्यातलं एक अक्षरही आपल्याला समजलं नव्हतं, याची त्यांना मनस्वी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना गाठलं, विद्यापीठात तीन खेटे घातले, चूक माझी आहे असं लेखी दिलं. पण परीक्षेची यादी बंद झाली होती. तिकडं मामानं जालन्याचं स्थळ पक्कं केलं. अप्पारावांची नोकरी तेवढी मॅडमनी राखली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. पदर खोचून त्या सकाळीच खाली उतरल्या.

"आज मोटार मी बघते. तू वर्गात जा. मी मागून येतेच, माझ्या तासाला बस नुसती."

"बसून काय करू मॅडम? नाव गेलं ना रजिस्टरातून." मेघानं बटण दाबलं. मोटारीचा आवाज तळघरात भरला. तिनं खाली वाकून व्हॉल फिरवला, ओले हात ओढणीला पुसले आणि मॅडमना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, "तुमी जावा मॅडम. तुमचा तास बुडंल."