तीन याद्या

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उभी हयात गेली जुन्या मशीनवर. तिथं प्रिंटरचं किंवा फाइलचं एखादं नाव विचारलं, की मशीन ते आधी तुमच्या स्वतःच्या यादीत बघणार, नसलं तर विभागाच्या, तिथंही नसलं तर सगळ्यांच्या. मग त्या जागी युनिक्स ही नवी सिस्टिम आली. इथला प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना नावांची आपली प्रत घेऊन बसतो, नंतर नाव बदललं म्हणून कुणी कितीही ओरडा, ढिम्म. बाईंना हे काही पटेना. आणि बाईंचा हट्ट म्हणजे हट्ट. दोन महिने खपून त्यांनी तिन्ही याद्या युनिक्सवर आणल्या. साहेब म्हणाले, "दुपारपर्यंत नीट चाललं तर ठेवू, नाहीतर काढू."

सकाळीच रक्ततपासणीच्या रिपोर्टांसाठी वॉर्डात नवा प्रिंटर आला. बाईंनी सगळ्यांच्या यादीत 'रिपोर्ट' या नावापुढे तो घातला आणि त्याच नावावर आपल्या जागेवरून एक कागद पाठवला. निघाला कुठे, तर जिन्याखालच्या जुन्या प्रिंटरवर.

आपणच उलटसुलट लिहिलं असणार, म्हणून त्यांनी त्या यादीत जुन्या-नव्या प्रिंटरच्या नावांची अदलाबदल केली. कागद पुन्हा जिन्याखालीच. तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टरचा फोन.

"बाई, रिपोर्ट एकदम बंद का झाले? आत्तापर्यंत छान येत होते."

"येत होते?"

"हो, नव्या प्रिंटरवरच."

बाईंनी पहिलं होतं तसं केलं, तर सिस्टर म्हणाल्या आले. बाईंचा कागद मात्र जिन्याखाली. सगळ्यांचं बरोबर आणि माझंच चूक? चार वेळा जिना चढून-उतरून झाल्यावर त्यांनी स्वतःची यादी उघडली. चाचणीच्या वेळी 'रिपोर्ट'पुढे घातलेला जुना प्रिंटर तिथं तसाच होता, आणि आधी बघायची ती स्वतःचीच यादी. काखेत कळसा नि गावाला वळसा.

त्या साहेबांकडे गेल्या आणि काही न लपवता सांगितलं.

"म्हणजे सिस्टिम बरोबर होती?"

"हो. मीच चुकले."

"बनवणाऱ्या तुम्ही. तुम्हाला कळलं नाही, तर सिस्टरना कसं कळायचं?"

बाईंकडे उत्तर होतं. नाव कुठल्या यादीतून आलं, ते सांगणारी कमांड जुन्या मशीनवर होती. तीच त्यांनी आणली नव्हती, कारण आपल्याला सगळं पाठ आहे याची त्यांना घमेंड होती. आता दुपारपर्यंत ती होणारही नव्हती.

"काढा," त्या म्हणाल्या, आणि साहेबांसमोरच त्यांना रडू फुटलं.