भलत्याच नावाची चिमणी

मी एक जुनी चिनीमातीची चिमणी आहे. तळहातावर मावेन एवढीच. पंख निळे, पोट पांढरे आणि डोक्याशी दोरी ओवायला भोक. मित्रांनो, माझ्या पोटावर एक नाव लिहिलेले आहे, पण ज्या मुलीसाठी मला घेतले तिचे ते नाव नाही. आजही कुणी मला हातात घेऊन ते मोठ्याने वाचले, की मला तोंड लपवावेसे वाटते.

माझा जन्म एका घराच्या मागच्या खोलीत झाला. तिथे राहणाऱ्या बाईला सगळे भट्टीवाली म्हणत. ती लाटण्याने माती लाटायची, पत्र्याच्या साच्याने आमचे आकार कापायची आणि पेनाच्या रिकाम्या नळीने भोक पाडायची. वाळलो की एकदा भाजायची, मग झिलई चढवून पुन्हा भाजायची. कितीतरी जणांना भट्टीत तडे जात. मी धड बाहेर आले तेव्हा तिने मला उजेडात धरले आणि म्हणाली, "ही छान उतरली." माझ्या वाट्याला आलेली शाबासकी ती तेवढीच.

हस्तकलेच्या जत्रेत तिचे टेबल असायचे. गिऱ्हाइकाने आकार निवडायचा, नाव सांगायचे आणि तिने बारीक कुंचल्याने ते त्याच्यादेखत लिहायचे. टेबलाखाली विजेची छोटी भट्टी असे, तिच्यात रंग पक्का होई. म्हणून ती प्रत्येकाला बजावायची, "नाव नीट सांगा हं. एकदा भाजलं की ब्रह्मदेव आला तरी पुसता येणार नाही."

एका जत्रेत एक आजोबा आले. ते पोस्टमन होते, निवृत्त झालेले. हयातभर दारोदार पत्रे वाटल्यामुळे अख्ख्या वस्तीची नावे त्यांना तोंडपाठ होती, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. मुलीच्या दोन मुलांसाठी त्यांनी एक हत्ती आणि एक मासा घेतला. दोघांची नावे घडाघडा सांगितली. मग मला उचलले.

"ही आमच्या नातीला. संध्याकाळी माझ्याशेजारी बसून चित्रं काढते. सगळ्या चिमण्याच. म्हणून चिमणीच द्या."

"नाव काय तिचं?"

आजोबांनी तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. त्यांनी खिसे चाचपले, जणू नाव एखाद्या खिशात ठेवले होते. "अहो, अगदी जिभेवर आहे," ते म्हणाले. मागे रांग वाढत होती. कुणीतरी म्हणाले, "काका, आटपा जरा." भट्टीवालीच्या कुंचल्यावरचा रंग वाळायला लागला होता. ती म्हणाली, "लाडाचं नाव सांगा ना. तेही चालेल."

आजोबांचे कान लाल झाले. खाली बघत ते म्हणाले, "चिंगी. चिंगी लिहा."

मी भट्टीतून बाहेर आले, तेव्हा त्यांनी माझे पोट वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी मला कागदात गुंडाळले.

आता त्या घराविषयी सांगते. आजोबांच्या मुलाने आदल्याच वर्षी लग्न केले होते. सुनेला आधीच्या लग्नाची एक मुलगी होती, आणि ती आईबरोबर या घरी आली होती. तीच ही नात.

तिने मला उघडले तेव्हा आजोबांच्या मुलीचे दोन्ही मुलगे जत्रेतला हत्ती आणि मासा मिरवत तिथेच उभे होते. "चिंगी कोण?" एकाने विचारले आणि दोघे हसत सुटले. ती हसली नाही, रडलीही नाही. "छान आहे," म्हणाली आणि मला मुठीत झाकून घेतले. तिची मूठ घामेजली होती. मला वाटले, भट्टीतच माझे दोन तुकडे झाले असते तर बरे झाले असते.

स्वयंपाकघरातून सुनेचा दबका आवाज आला. "भाच्यांची नावं बरोबर आहेत. माझ्याच मुलीचं बरं चुकलं. त्यांना ती आपली वाटतच नाही, दुसरं काय."

बाहेरच्या खोलीत आजोबांनी ते ऐकले. नातीनेही ऐकले. एका वाक्यात सगळे मिटले असते. पण आजोबा म्हणाले, "अरे, थट्टा केली जरा." मित्रांनो, लोकांनी त्यांना खडूस म्हटलेले त्यांना चालणार होते, विसरभोळे म्हटलेले नव्हते. खरे काय ते मला ठाऊक होते, पण मातीच्या चिमणीची चोच उघडत नाही.

मग मी मोज्यांच्या खणात पडले. तिथून मला घर ऐकू यायचे. सून आजोबांपुढे ताट ठेवायची, पण त्यांच्याशी अवाक्षर बोलायची नाही. मुलगी संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसेनाशी झाली. आजोबांनीही तिला हाक मारणे सोडले होते. सगळ्यांना वाटले तो राग आहे. खरे तर हाक मारायला त्यांच्याजवळ नाव नसायचे.

पुढच्या जत्रेला मायलेकी मला घेऊन भट्टीवालीकडे गेल्या. "हे पुसता येईल का?" मुलीने विचारले.

भट्टीवालीने मला उलटसुलट करून पाहिले आणि तिला ते आजोबा आठवले. तिने सगळे सांगितले, अगदी चित्रातल्या चिमण्यांसकट. शेवटी म्हणाली, "चूक माझीही आहे. रांग होती म्हणून मी त्यांना घाई केली. त्या माणसाला घाम फुटला होता हो. मला दिसत होतं."

सुनेने कपाळाला हात लावला. "वर्षभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही," ती म्हणाली.

पोटावरचे नाव जाणे शक्य नव्हते. भट्टीवालीने माझ्या पाठीवर मुलीचे खरे नाव लिहिले आणि मला पुन्हा भाजले.

घरी आल्यावर मुलगी थेट आजोबांच्या खोलीत गेली.

"आजोबा, चिंगी कोण?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "माझी धाकटी बहीण. माझं बोट धरून शाळेत यायची." मग म्हणाले, "त्या दिवशी तुझं नाव आठवेना गं. आणि घरी सांगायची लाज वाटली."

"मग मला विचारायचं ना."

"तुलाच कसं विचारू, तुझं नाव काय म्हणून?"

तिने जरा विचार केला. "विचारायचं. मी सांगेन. रोज विचारलंत तरी सांगेन."

सून दारात उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "माझं चुकलं. उद्या आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊन येऊ." आजोबांनी तिच्याकडे न बघताच मान हलवली.

डॉक्टरांनी सांगितले, हा विसरण्याचा आजार आहे आणि तो बरा होणारा नाही. पुढे आजोबांच्या आठवणीतून हत्तीवाल्या नातवाचे नाव गेले, मग माशावाल्याचे. आता मी आजोबांच्या पलंगाशेजारी खुंटीला लटकते. नात उंच झाली आहे. खोलीत शिरताना ती आधी आपले नाव सांगते आणि मग वही घेऊन बसते. कधी ते तिला "चिंगी" म्हणतात. ती "ओ" देते.

मी मात्र त्या वेळी वाऱ्याने फिरून भिंतीकडे तोंड करावे म्हणते. त्या एका वर्षाची लाज अजून गेलेली नाही. दोन माणसे एका घरात एकमेकांना मुकली, आणि कारण माझ्या पोटावर होते.

मित्रांनो, चिनीमातीच्या वस्तू जपून हाताळा असे मी सांगेन, अशी तुमची अपेक्षा असेल. फुटलो तर आम्ही फुटलो, भट्टीवाली दुसऱ्या घडवते. पण तुमच्या घरी एखादे म्हातारे माणूस नाव आठवताना अडले, तर हसू नका. "ओळखा पाहू मी कोण," असे चारचौघांत विचारून त्याची परीक्षा घेऊ नका. दारातूनच आपले नाव सांगा, आणि मग जवळ जाऊन बसा.