राहिलेली दुसरी वेणी

माझं रूप पाहून नाक मुरडू नका, मित्रांनो. शिसवीच्या लाकडाची ही मी जुनी फणी. एका अंगाचे माझे दात दाट आहेत, दुसऱ्या अंगाचे विरळ. त्या विरळ अंगाला मधोमध एक खिंडार पडलं आहे. म्हातारपणी दात पडतात तसे ते पडलेले नाहीत. ते कसे गेले ते सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे. वाटेत हसू येईल. आलं तर हसा. मीसुद्धा तेव्हा हसले होते.

माझा जन्म वेंगुर्ल्याकडच्या एका गावात, राजाराम सुताराच्या पडवीत झाला. त्याच्या लेकीच्या, सुभद्राच्या लग्नासाठी तो शिसवीचा पाट करत होता. पाट झाला आणि एक तुकडा उरला. त्याने बारीक करवत घेतली, एकेक दात काढला, काचेच्या तुकड्याने घासून मला गुळगुळीत केलं आणि खोबरेल पाजून उन्हात ठेवलं. "घे गो चेडवा," तो सुभद्राला म्हणाला, "पाटावर एक दिवस बसशील. ही फणी जल्मभर पुरात."

मग बोटीने आम्ही मुंबईला आलो. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत सुभद्राचा संसार मांडला गेला. तिचा नवरा गुणाजी गिरणीत साच्यावर होता. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. तोही विणकर आणि त्याचा बापही विणकर. पुढे सुभद्राही गिरणीत लागली, सूत गुंडाळायच्या खात्यात. मग मालन झाली, मोठी झाली, शाळेत जाऊ लागली, आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली.

गिरणीत सुभद्राची पहिली पाळी, पहाटेची. मालनचे डोळे उघडायच्या आत ती भोंग्यामागे निघून जाई. गुणाजीची दुसरी पाळी, दुपारची. म्हणजे सकाळी लेकीला शाळेत धाडायचं काम बापाकडे. आंघोळ घातली, चहात पाव बुडवून दिला, इथपर्यंत ठीक होतं. पण शाळेत दोन वेण्या लागत, लाल रिबिनी बांधून वर दुमडलेल्या. आणि मालनचे केस म्हणजे खारं वारं प्यायलेले, दहा दिशांना उडणारे.

गुणाजी खोलीच्या उंबऱ्यावर बसे. मालनला दोन गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरी आणि मला हातात घेई. साच्यावरही एक फणी असते, माझी लोखंडी बहीण. तिच्या दातांतून उभे धागे जातात. गुणाजीच्या बोटांना तीच सवय. तो केस धाग्यांसारखे मोजून घेई आणि ताणून ताणून असे ओढी, की मालनच्या भुवया कपाळावर चढत.

"बाबा, हे केस आहेत, सूत नाही!"

"मान हलव नको गो बाय, सूत तुटात," गुणाजी म्हणे. "ताणल्याशिवाय ताठ रवणा नाय."

एकदा तर त्याने कमालच केली. कपाळावरचे बारीक केस काही केल्या बसेनात. विणायच्या आधी उभ्या धाग्यांना खळ लावतात, म्हणजे तंतू उडत नाहीत. गुणाजीने विचार केला, जे सुताला चालतं ते केसांना का नाही? चुलीवर पेज होतीच. त्याने वाटीभर गार केली आणि मालनच्या डोक्यावर छान चोपडली. केस बसले, अगदी देवाच्या मूर्तीसारखे बसले. बाप खूश, लेक खूश. शाळेत पोचेपर्यंत पेज वाळली. दुपारी मालन घरी आली ती डोक्यावर केरसुणी घेऊन, आणि केरसुणीमागे माशांची वरात.

शेजारच्या जाईबाई गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "अगं बया! गुणाजी, पोरीला जेवाय घातलंस का पोरीलाच वाढलंस?"

ती केरसुणी सोडवताना माझा पहिला दात मोडला. मला त्याचं दुःख नाही. हसताना मोडलेला दात दुखत नाही, मित्रांनो.

सगळ्यात गंमत होती ती गाठीची. रिबिनीला फूल बांधायचं असतं, हे गुणाजीला कोण सांगणार? तो विणकराची गाठ मारी. साच्यावर तुटलेला धागा जोडतात, तीच. ओढाल तितकी ती आवळत जाते. एकदा शाळेच्या कार्यक्रमासाठी मृणालिनीबाईंना सगळ्या मुलींना पांढऱ्या रिबिनी बांधायच्या होत्या. मालनची गाठ काही सुटेना. नखं लावून झाली, दात लावून झाले. शेवटी रांगेत सगळ्या मुली पांढऱ्या रिबिनींच्या आणि मधे एकटी मालन लाल रिबिनींची. बाई म्हणाल्या, "वडिलांना सांग, मुलगी शाळेत पाठवायची आहे, बोटीवर बांधायची नाही."

मालनने हे घरी जसंच्या तसं, बाईंसारखी मान वेळावून सांगितलं. पण तिला त्याचा अभिमानच वाटला होता. रात्री झोपण्याआधी ती आईला मुद्दाम म्हणे, "आये, तू सोड बघू गाठ."

सुभद्रा दिवसभर सूत गुंडाळताना हीच गाठ मारत असे. तिच्या अंगठ्याला ती झोपेतही आली असती. पण ती दोन-चार वेळा खोटंच ओढून बघे, फूं फूं करी आणि हात टेकी. "नाय बाबा. माका खय येता? ही तुझ्या बापाशीकच येता."

मग मालन समाधानाने झोपे, वेण्यांसकट. सकाळी बापानेच त्या सोडायच्या आणि बापानेच घालायच्या.

रविवारी मात्र सुभद्रा घरी असे. ती मालनला मांडीशी घेऊन सावकाश विंचरी, माझ्या दाट दातांनी उवा काढी आणि हळू आवाजात म्हणे,

*तीन पेडांची वेणी, एक पेड बापाचा,*
*एक माझिया हाताचा, एक लेकी तुझा गं.*

त्या दिवसांत रस्त्यावरही वेगळंच गाणं होतं. नाक्यानाक्यावर सभा भरत. गुणाजी मालनला खांद्यावर घेऊन जाई. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं हजारो माणसं एकदम म्हणत. मालनला त्यातलं शेवटचं तेवढं पाठ झालं. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर, भुवया कपाळावर चढलेल्या असताना, तिने मूठ वर केली. "वेणी सैल झालीच पाहिजे!"

गॅलरीतली पोरं धावत आली. "झालीच पाहिजे! झालीच पाहिजे!"

गुणाजीने मला उंच धरलं आणि साहेबी आवाज काढला. "मागणी फेटाळली!"

सारा मजला हसला. मीही हसले. मोर्चा उंबऱ्यावर येतो तेव्हा तो असा असतो.

मग ती सकाळ आली. संक्रांत नुकतीच झाली होती, डब्यात तिळाचे लाडू उरले होते. आदल्या रात्री रेडिओवर सांगितलं होतं, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. चाळीत रात्रभर कुणी नीट निजलं नाही. गिरण्या चालणार की बंद, कुणाला ठाऊक नव्हतं. खाडा पडायला नको म्हणून सुभद्रा अंधारातच गेली. शाळेचंही काही कळलं नव्हतं. मालनने नेहमीसारखी मला आणून बापाच्या हातात दिलं.

एक वेणी झाली. गुणाजीने तिला रिबीन लावून गाठ मारली. दुसऱ्या बाजूचे केस त्याने माझ्या दातांत घेतले, एवढ्यात खालून गलका आला. जाईबाई कठड्यावरून वाकल्या होत्या. "गुणाजी, गिरण्या सोडल्या रे! बायका रस्त्यावर आल्यात, आन् नाक्यावर पोलिसांचा गोळीबार चाललाय म्हणत्यात. सुभद्री कुठाय?"

गुणाजी उठला. मालनने त्याचा सदरा धरला. "बाबा, एकच वेणी झाली!"

"तुझ्या आयेक घेवन येतंय. इल्यावर दुसरी घालतंय," तो म्हणाला. "तवसर मान हलव नको."

त्याने मला आणि दुसऱ्या रिबिनीला सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि जिना उतरला.

पुढचं मी त्याच्या छातीवरून पाहिलं नाही, ऐकलं. खिशात अंधार असतो. आधी त्याच्या चपलांचा आवाज. मग पुष्कळ चपलांचा. तो दर थोड्या वेळाने हाका मारत होता, "सुभद्रा! सुभद्रा गे!" कुणीतरी त्याला म्हणालं, "दादा, मागं फिर." तो फिरला नाही. लोक घोषणा देत होते, त्याच त्या, सभेतल्या. आणि मग फटाक्यांसारखा आवाज झाला. मला वाटलं फटाकेच.

गुणाजी पालथा पडला. त्याच्या अंगाखाली माझे मधले दात मोडले. त्याचं काळीज माझ्या अगदी जवळ होतं. साचा जसा धडधडत असतो तसं ते धडधडत होतं, आणि साचा बंद करतात तसं ते बंद झालं.

सुभद्रा मागच्या गल्लीतून चार बायकांचे हात धरून सुखरूप घरी पोचली होती. तो तिला ज्या रस्त्याने शोधत गेला, त्या रस्त्याने ती आलीच नव्हती. मग संचारबंदी लागली. खाली उतरायची सोय नव्हती. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि मालन उंबऱ्यावर बसून राहिली. एका बाजूला ताठ वेणी, एका बाजूला मोकळे केस, आणि मान अशी, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. जाईबाईंनी नंतर सांगितलं, पोरीने मान हलवली नाही. भात भरवला तोही तिने तशाच ताठ मानेने गिळला. "बाबा म्हणाले," एवढंच म्हणे.

मी घरी परतले ती गुणाजीच्या सोबत्याच्या, दगडूच्या हातून. तोवर सगळं उरकलं होतं. इस्पितळातून मिळालेलं गाठोडं त्याने दारात ठेवलं. आत सदरा होता, मी होते आणि रिबीन. दगडू दाराच्या चौकटीवर डोकं टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "वैनी, तो तुमकाच हाका मारी होतो." हे सांगायला नको होतं, असं त्याच्याही तोंडावर उमटलं, पण शब्द निघून गेला होता.

मालनची ती एक वेणी अजून तशीच होती. मोकळ्या बाजूच्या केसांचा गुंता होऊन जट व्हायला आली होती. ती कुणाला हात लावू देत नव्हती. जाईबाई कात्री घेऊन आल्या. "कापून टाकू, सुभद्रे. पोरीच्या डोस्क्यात उवा झाल्यात. ती गाठ कुणाला सुटायची न्हाई."

"नको!" मालन किंचाळली. "बाबा सोडतील! आये, तू सांग ना, बाबांनाच येते ती!"

सुभद्राने कात्री हातातून घेतली आणि जाईबाईंना परत दिली. मग ती माझ्याजवळ आली. तिने आधी रिबीन उचलली. ती लाल होती, म्हणून डाग दिसत नव्हता. पण ती कडक झाली होती, खळ लावल्यासारखी. सुभद्राने ती मोरीत नेली आणि कितीतरी वेळ धूत राहिली. वाळली तेव्हा ती पुन्हा मऊ झाली.

मग ती उंबऱ्यावर बसली, गुणाजी बसे तिथेच. तिने मालनला गुडघ्यांमध्ये घेतलं. गाठीच्या वेणीला हात लावला नाही. मोकळ्या केसांना खोबरेल लावलं आणि जट हळूहळू सोडवली. मी जपून चालत होते. माझ्या खिंडारात केस अडकत होते. सुभद्राने तीन पेड घेतले. रविवारची ती ओवी तिने आज म्हटली नाही. तिने वेणी ताणली, एवढी ताणली की मालनची भुवई कपाळावर चढली. वर दुमडली, रिबीन लावली आणि गाठ मारली.

मालनने हात वर नेला. आधी जुन्या गाठीवरून बोट फिरवलं, मग नव्या. पुन्हा जुन्या. पुन्हा नव्या.

"आये," ती म्हणाली, "ही तर तीच आहे."

"होय."

"तुला येते?"

"येता गो. माका पयल्यापासून येता."

मालनचं बोट नव्या गाठीवरच राहिलं. मग तिने विचारलं, "बाबांना माहीत होतं, तुला येते म्हणून?"

"तेंका म्हायत होता," सुभद्रा म्हणाली. "तू झोपलंस काय आमी दोघां हसायचों."

मालन हसेल असं मला क्षणभर वाटलं. तिचं तोंड तसं झालंही होतं. पण त्याच तोंडातून वेगळाच आवाज आला. इतके दिवस ताठ धरलेली मान आईच्या मांडीवर पडली आणि ती रडू लागली. बाप गेल्यावर प्रथमच. "ती पण सोड," ती रडता रडता म्हणाली. "बाबांची पण तूच सोड."

सुभद्राने अंगठ्याचं नख लावलं. रिबिनीचं एक टोक सरळ केलं आणि नुसतं सारलं. गुणाजीने मारलेली शेवटची गाठ आवाज न करता सुटली. सुटलेली रिबीन कितीतरी वेळ तशीच वाकडी राहिली, गाठीच्या आकाराची.

त्यानंतर मालन स्वतःच्या वेण्या स्वतः घालायला शिकली. गाठ मात्र तीच मारी. काही वर्षांनी मुंबईसह आपलं राज्य आलं. चाळीला पताका लागल्या, पेढे वाटले. त्या रात्री सुभद्राने मला खोबरेल पाजलं, गुणाजीच्या सदऱ्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवलं. पेढा तिने हातात धरला होता. खाल्ला की नाही, मी पाहिलं नाही. पेटीचं झाकण लागलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही सकाळी कुणीतरी तुमचे केस ओढत असेल. भांग वाकडा पाडत असेल, वेणी घट्ट घालत असेल. दुखलं तर ओरडा. मूठ वर करून मागण्या करा, त्या फेटाळल्या की रुसा. पण अर्ध्यावर उठून पळू नका. त्या हातांना दोन्ही वेण्या घालू द्या. आणि घरात माझ्यासारखी तुटक्या दातांची फणी सापडली, तर फेकण्याआधी एवढं विचारा, की ती कुणाच्या खिशात होती.